झोपणारं माणूस

रात्रपाळीहून घरी आल्यावर ताई आधी बोलत नसत. आधी पाय पाण्यात घालत. स्वयंपाकघरात खिडकीशी स्टूल, समोर निळा टब, टबात घोट्याएवढं कोमट पाणी आणि हातात चहाचा कप. नजर भिंतीवर, पण भिंत दिसत नसे. रात्रभर ज्या पायांवर उभं राहायचं त्यांची विचारपूस आधी, बाकीच्या जगाची मग.

ताई हॉस्पिटलात सिस्टर होत्या. पुरुषांच्या वॉर्डात, कायम रात्रीच्या. बाकीच्या सिस्टरांना रात्रपाळी आलटूनपालटून यायची. ताईंनी ती मागून घेतली होती आणि एकदा घेतली ती चिकटलीच. वॉर्डात त्या सिस्टर, बिल्डिंगमध्ये ताई, घरातही ताईच. स्वतःच्या नावाची हाक ऐकून इतका काळ लोटला होता की आता कोणी मारली असती, तर कोणाला बोलावतायत म्हणून त्यांनीच मागं वळून पाहिलं असतं.

त्या सकाळी चहाचा दुसरा घोट घेतात तोच दारावर थापा पडल्या. बेल असताना दार बडवणारं माणूस बिल्डिंगमध्ये एकच होतं, खालच्या मजल्यावरचे काका. शर्टाची बाही त्यांनी जिन्यातच वर सारली होती.

“ताई, झोपला नाहीत ना?”

“नाही काका, या.”

ताईंनी ओले पाय तसेच चपलेत घातले, कपाटातून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि काकांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. काका निवृत्त झाल्यापासून त्यांचं बीपी हा त्यांचा पूर्ण वेळचा उद्योग झाला होता.

“किती?”

“जरा जास्तच आहे आज.”

“असणारच! गोळी वेळेवर घेतो, मीठ सोडलं, लोणचं सोडलं, बायकोशी वाद घालणं सोडलं—”

“ते कधी सोडलंत?” आतल्या खोलीतून ताईंच्या भावाचा आवाज आला.

“तू बोलूच नकोस!” काका आतल्या दिशेनं कडाडले. “माझं बीपी मिठानं नाही वाढत, तुझ्या त्या रणगाड्यानं वाढतं. ताई, काल सकाळी यानं गाडी सुरू केली आणि माझा दाढीचा हात थरथरला. ही बघा खूण.” त्यांनी हनुवटी पुढं केली. कापलेलं होतं खरं.

खांद्यावर टॉवेल टाकून भाऊ बाहेर आला. वयानं तिशीकडे झुकलेला, अंगानं दारात न मावणारा, पण ताईंच्या तोंडी अजून “धाकटा”च. “काका, आज तुमचं दुःख संपतंय. जुना सायलेन्सर गंजून फुटलाय म्हणून ती बोंबलतेय. आज उस्तादांकडे नवा बसवतोय.”

“म्हणजे आता आणखी मोठ्यानं बोंबलणार.”

“सुरात बोंबलणार.”

“ताई, तुम्ही तरी सांगा याला. तुमची खिडकी तर त्या गाडीच्या डोक्यावरच आहे.”

“ताईला काय होतंय?” धाकटा हसला. “ती एकदा आडवी झाली की उशाशी ढोल बडवा. कुंभकर्णाची थोरली बहीण आहे ती.”

काका हसले. ताईसुद्धा हसल्या. पट्ट्यातली हवा सोडता सोडता हसल्या, त्यामुळे त्या हसण्याकडे कोणी नीट पाहिलं नाही.

खरी गोष्ट अशी की ताईंना दिवसा धड झोप लागून कित्येक महिने झाले होते.

कुंभकर्णाची ही कथा जुनी होती आणि ती रचली होती ताईंनीच. वडील आधीच गेले होते. आई गेली तेव्हा धाकटा शाळेत होता. तो शाळेतून येईल तेव्हा घरात कोणीतरी असावं म्हणून ताईंनी रात्रपाळी घेतली. पोरगं समजूतदार, नको तितकं समजूतदार. ताई झोपल्या की घरात मांजरासारखं वावरायचं. नळ बोटभर सोडायचं, खुर्ची उचलून सरकवायचं, शिंक आली तर तोंड उशीत खुपसायचं. एकदा दुधाचं पातेलं चिमट्यानं उचललं तर आवाज होईल म्हणून त्यानं ते नुसत्या फडक्यानं उचललं आणि हात भाजून घेतला. भाजल्यावरही हूं की चूं नाही. ताई उठल्या तेव्हा तो हात पाण्यात धरून मोरीत बसला होता. मलम लावता लावता ताई म्हणाल्या, “अरे वेड्या, मी झोपले ना, की मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. खुशाल भांडी आपटत जा.”

त्यानं विश्वास ठेवला. त्या दिवसापासून ते पोरगं घरात मोकळं चालायला लागलं. भांडी आपटायला लागलं, मित्र आणायला लागलं, गायलासुद्धा लागलं. ताई डोळे मिटून पडून राहायच्या आणि त्या आवाजांवर कशीबशी झोप रचायच्या. एवढ्या चांगल्या खोट्याला मोडायचं कशाला?

मग ही पिकअप आली. धाकट्याचं काम शर्यतीच्या मोटारसायकली मैदानावर पोचवायचं आणि आपटलेल्या परत आणायचं. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवून झाल्यावर त्यानं एका थकलेल्या शर्यतवाल्याकडून ही घेतली. आठ सिलिंडरचं इंजिन, मागं दोन मोटारसायकली सहज मावतील असा हौदा, आणि घसा असा की गल्लीच्या टोकाला कुत्री उठून उभी राहायची. घरी आणली त्या दिवशी त्यानं ताईंना हाताला धरून खाली नेलं होतं आणि बॉनेटवर हात ठेवायला लावला होता. “ताई, आपली आहे.” त्याच्या तोंडून “आपली” ऐकल्यावर ताई काय बोलणार?

ती गाडी रात्री खिडकीखाली लागायची. ताईंचा डोळा लागतो न लागतो तोच सकाळी तिथंच सुरू व्हायची. एकदा मोडलेली झोप मग दिवसभर दाराशी येऊन परत जायची.

हेही ताईंनी निभावून नेलं असतं. त्यांनी काय काय निभावलं होतं ते आठवायचं म्हटलं तरी दम लागेल. पण मागच्या आठवड्यात पहाटे वॉर्डात एक गोष्ट घडली. ताई इंजेक्शन भरून एका म्हाताऱ्याच्या खाटेशी उभ्या होत्या. उभ्या होत्या एवढंच त्यांना आठवत होतं. म्हाताऱ्यानं त्यांच्या मनगटाला हात लावला आणि मिस्कीलपणे विचारलं, “सिस्टर, ही सुई मला टोचताय की माझ्या स्वप्नाला?” ताईंनी डोळे उघडले. खाटेवरचा नंबर वाचला. इंजेक्शन शेजारच्या खाटेचं होतं. त्या म्हाताऱ्याला ते बाधलं असतं.

त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्या प्रत्येक खाटेचा नंबर दोनदा वाचत होत्या आणि दोन्ही वेळा वाचलेल्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. पुन्हा असं झालं तर टोपी काढून ठेवायची आणि घरी बसायचं, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं.

काका गेल्यावर धाकटा म्हणाला, “ताई, पाय पूस आणि चल.”

“मी? कुठे?”

“उस्तादांकडे. त्यांचा नियम आहे गं. नवा सायलेन्सर ते आधी नुसता क्लॅम्पनं आवळून बसवतात. गाडी असेल त्या घरात झोपणारं एक माणूस आणायचं, त्यानं ऐकायचं, त्यानं हो म्हटलं तरच पक्कं वेल्डिंग. चालवणाऱ्याला ते विचारतच नाहीत. म्हणतात, तो प्रेमात असतो, त्याची साक्ष धरत नाहीत.”

“आणि मी झोपायचं कधी?”

“तासाभराचं काम! आल्यावर झोप ना. तुला काय, पडलीस की झोपलीस.”

“ठीक आहे,” ताई म्हणाल्या. टबातलं पाणी त्यांनी मोरीत ओतलं. झोपणारं माणूस म्हणून साक्ष द्यायला जायचं, तेही झोपेच्या वेळी, याचं त्यांना हसू आलं असतं. पण हसायलाही काही ताकद लागते.

उस्तादांचं गॅरेज शहराच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली होतं. तिथपर्यंतचा रस्ता लांब, सिग्नलमागून सिग्नल असलेला. ताई मागच्या सीटवर डोकं टेकून बसल्या. फुटका सायलेन्सर पायाखाली गुरगुरत होता. धाकटा पूर्ण वेळ बोलत होता: मैदानावर गाडी ओळखतात ती आवाजावरून, कोण आलं ते न बघता सांगतात, मिळमिळीत आवाजाच्या गाडीला फाटकावरचा माणूससुद्धा हात करत नाही. ताई हुंकार देत होत्या. त्याला लहानपणी गोष्ट सांगताना तो असाच हुंकार द्यायचा.

उस्ताद म्हणजे पोट सुटलेला, कानात केस असलेला, कमी बोलणारा माणूस. गॅरेजमध्ये रेडिओ नव्हता. गाडी ऐकायची वेळ आली की ते पंखासुद्धा बंद करायचे. भिंतीवर खिळ्यांना सायलेन्सर टांगलेले, काही गोल, काही चपटे, काही लांबट. ताईंना ते वॉर्डातल्या ऑक्सिजनच्या नळकांड्यांचे चुलतभाऊ वाटले.

“झोपणारं माणूस आणलंस?” उस्तादांनी विचारलं.

“ही काय, माझी ताई. पण सांगून ठेवतो, हिची झोप म्हणजे दगड.”

उस्तादांनी ताईंच्या डोळ्यांकडे पाहिलं, डोळ्यांखालच्या कातडीकडे पाहिलं, आणि प्लास्टिकची खुर्ची फडक्यानं पुसून पुढं केली.

गाडी रॅम्पवर चढली, फुटका डबा निघाला. पहिला बसला तो आरपारचा. “आत सरळ जाळीची नळी, भोवती काचेची लोकर,” उस्ताद म्हणाले. “धूर विनाअडथळा जातो, गाडी मोकळी पळते. पण लोकर जळत जाते. आज सिंह, पुढं पिसाळलेला सिंह.” धाकट्यानं गाडी सुरू केली आणि पत्र्याचं छप्पर त्या आवाजानं भरून गेलं. त्याचा चेहरा असा उजळला की ताईंना शाळेतल्या बक्षीस समारंभाची आठवण झाली. मग तिघं रस्त्यावर फेरी मारून आले. गाडीनं एक ठरावीक वेग पकडला की कवटीच्या आत कोणीतरी घूं घूं करत बसलंय असं वाटायचं.

“कसा आहे, ताई?” उस्तादांनी विचारलं.

“ठीक आहे.”

दुसरा मोठा, लांबलचक, कंपनीच्या मूळ डब्याचा थोरला भाऊ. त्याच्यातून आवाज आला तो पांघरुणातून आल्यासारखा. धाकट्याचं तोंड उतरलं. “उस्ताद, ही तर पेशंट न्यायची गाडी वाटायला लागली. मैदानावर म्हणतील, दूधवाल्यांनी मागच्या दारानं यावं.”

“ताई?”

“हाही ठीक आहे.”

उस्तादांनी पाना खाली ठेवला. “सिस्टर आहात ना तुम्ही? कसं वाटतंय विचारल्यावर तुमचा पेशंट प्रत्येक वेळी ठीक आहे म्हणाला, तर तुम्ही काय करता?”

“त्याचा ताप मोजते,” ताई म्हणाल्या.

“मला मोजता येत नाही ना! म्हणून तर तुम्हाला आणलंय.”

“उस्ताद, तिचं सगळं ठीकच असतं,” धाकटा म्हणाला. “भाजीत मीठ विसरलो तरी ठीक असतं.”

तिसरा कप्प्यांचा. आत पत्र्याच्या भिंती, आवाज एका कप्प्यातून दुसऱ्यात आपटत, दमत बाहेर येतो, असं उस्तादांनी समजावलं. गाडी सुरू झाली. खालचा, भरदार, घशातल्या घशात राहणारा आवाज. रस्त्यावर धाकट्यानं जोर दिला तेव्हा गर्जला, पाय काढला तेव्हा मुकाट झाला. परत आल्यावर धाकटा इंजिन चालू ठेवून खाली उतरला आणि गाडीच्या मागं हात जोडून उभा राहिला. “ऐक ताई, ऐक. हा तर अंगाई गातोय, अंगाई! काकासुद्धा घोरायला लागतील.”

खरंच, ताईंना तो आवाज वाईट वाटला नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांची मान एकदा पुढं कलली.

“हाच,” धाकट्यानं ठरवून टाकलं. “ताई, हो म्हण.”

उस्तादांनी वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर चढवला. “भारी पत्र्याचा आहे. याच्या लग्नापर्यंत पुरेल.”

“म्हणजे भरपूर वर्षं,” ताई म्हणाल्या. दोघं हसले. आणि त्या हसण्यातच ताईंना ती वर्षं दिसली, एकीपुढं एक सकाळ मांडल्यासारखी. आणि त्या सकाळींच्या पलीकडे खाटांचे नंबर.

उस्ताद इंजिन बंद करायला वळले तोच त्या म्हणाल्या, “थांबा.”

“काय झालं?”

“हा तो आवाज नाही.”

“कुठला तो?”

“सकाळचा. तुम्ही ऐकवताय तो तापलेल्या गाडीचा. सकाळी ती अशी वाजत नाही.” ताई सावकाश बोलत होत्या, पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची हकिगत सांगावी तशा. “रात्रभर उभी असते तेव्हा आधी एकदा खोकते. मग कोणी काही न करता आपली आपणच आवाज चढवत जाते. खिडकीची सैल काच थरथरते. फळीवरचे पेले एकमेकांना लागतात. बऱ्याच वेळानं ती खाली उतरते. उतरली, संपलं वाटतं, तेव्हा हा दोनदा पाय दाबतो. उगाच. मग मागं घेतो, फाटकापाशी थांबतो, कोपऱ्यावर वळताना आणखी एकदा दाबतो.”

उस्तादांनी हात लांब करून इंजिन बंद केलं. गॅरेजमध्ये एकदम शांत झालं.

“बरोबर आहे,” ते स्वतःशीच म्हणाले. “माझ्याकडे सगळ्या गाड्या तापूनच येतात.”

धाकटा ताईंकडे बघत राहिला होता. “मी दोनदा दाबतो हे तुला काय माहीत?”

मग त्याचं त्यालाच उमगलं.

“ताई. तू जागी असतेस?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“मग... ती भांडी? माझं गाणं? एवढी वर्षं?”

“ते सगळं ऐकू यायचं. त्याची सवय झाली. ह्याची होत नाहीये रे.”

धाकट्यानं गाडीच्या हौद्यावर मूठ आपटली आणि मग आवाज झाला म्हणून दचकून हात मागं घेतला. तो शाळकरी हात ताईंनी ओळखला. “काढा उस्ताद! तो मोठा डबा लावा. नाही, काहीच लावू नका, मी विकतोच ही गाडी. ताई, तू आधी का नाही बोललीस? मी काय राक्षस आहे?”

“विकणारे माझ्याकडे रोज येतात,” उस्ताद म्हणाले. “दुसऱ्या दिवशी तेच नवीन डबा मागतात. तू गप्प बस जरा. आणि मोठा डबा लावलास तरी गार इंजिन खिडकीखाली सुरू झालं तर उशाशी ऐकू येणारच. मी काय कापूस कोंबतो नळीत?” मग त्यांनी एक डबडं ओढलं आणि ताईंच्या समोर बसले. मुखवटा अजून कपाळावरच होता. “ताई, हा राहू द्या बाजूला. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा.”

एरवी ताईंनी हा प्रश्न फिरवून दुसऱ्याच्या ताटात वाढला असता. धाकट्याला काय बरं पडेल, काकांना काय, उस्तादांचा वेळ किती गेला, असा सगळ्यांचा विचार त्या आधी करत आणि मग उरेल ते आपलं. आज तो विचार सुरू करायचं म्हटलं तरी डोक्यात काही हलेना.

“मागच्या आठवड्यात पहाटे माझा उभ्या उभ्या डोळा लागला,” त्या धाकट्याला म्हणाल्या. “हातात इंजेक्शन होतं. भलत्याच माणसाला टोचणार होते.”

त्यानं गाडी विकण्याचं पुन्हा काढायला तोंड उघडलं. ताईंनी हात वर करून त्याला थांबवलं. त्याचा त्याग सांभाळायचं कामही त्यांना नको होतं.

“गाडी विकू नकोस. हा तिसरा डबा तुला आवडलाय, तोच बसव. फक्त सकाळी ती माझ्या खिडकीखाली सुरू करू नकोस. रात्री आणलीस की फाटकाबाहेर, पार कोपऱ्यावर लाव. मला झोपायचंय.”